अठरा मिनिटांचं काम

गुरुवारी सकाळी अकरा वाजता ताथवड्यातल्या त्या काचेच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर साठ-सत्तर माणसं एका पडद्यासमोर चपला काढून उभी होती. पडदा भिंतीएवढा होता. त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, जवळजवळ सगळे हिरवे. वरून झेंडूचा भला मोठा हार सोडला होता, त्यामुळे चौकोनांची पहिली ओळ दिसतच नव्हती. त्यावाचून कुणाचं काही अडलं आहे असंही दिसत नव्हतं. खाली टेबलावर पेढ्यांचा खोका, बॅटरीवरचं निरांजन आणि न पेटवताच खोचून ठेवलेल्या उदबत्त्या, कारण छताला धूर ओळखणारी घंटा होती.

मधोमध एकच चौकोन लाल होता. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर.

शेजारच्या छोट्या पडद्यावर यंत्रानंद महाराज प्रकटले. ते सहा-सात किलोमीटरवर रहाटणीच्या मठात बसले होते. भगवी शाल, गळ्यात तांब्याच्या तारांची माळ. ओठ हलत होते, हात उंचावत होते, पण शब्द काही ऐकू येईना. लोक भक्तिभावानं पाहत राहिले.

"महाराज, म्यूटवर आहात," सुजित हळूच म्हणाला. सुजित म्हणजे इथल्या इंजिनिअर मंडळींचा प्रमुख. महाराजांना कंपनीत आणलं त्यानंच.

महाराजांनी कुठंतरी बोट दाबलं आणि आवाज आला. "...म्हणून सांगतो, बाळांनो, यंत्र म्हणजे नुसतं लोखंड नव्हे. यंत्राला सात कोश असतात. बाहेर धातुकोश, त्याच्या आत विद्युतकोश, त्याच्याही आत डेटाकोश. तुमचे इंजिनिअर तिसऱ्या कोशाशी थांबतात. पुढचे चार आमच्याकडे. क्लाउड म्हणजे काय? आकाशतत्त्व. आकाशात अडकलेलं काम खुर्चीत बसून कसं सुटेल?"

"खरंय राव," मागून कुणीतरी पुटपुटलं.

महाराजांनी डोळे मिटले, मांडीवरची शाल सारखी केली, शालीखाली हात घेतले आणि मंत्र सुरू केला. त्यात ह्रीं होतं, क्लीं होतं, आणि नीट ऐकणाऱ्याला प्रोसेसरही ऐकू आला असता. तिसऱ्या आवर्तनाला लाल चौकोन हिरवा झाला.

खोलीभर एक सुस्कारा फिरला. दोघातिघांनी पडद्याला हात लावून कपाळाला लावला.

सगळ्यात मागे, पाण्याच्या कूलरला टेकून, नागसेन उभे होते. घरच्या माणसांनाही घेऊन या असा निरोप होता, म्हणून मुलीबरोबर ते आले होते. मुलगी मैत्री इथंच नोकरीला. हे चौकोन दिवसभर पाहत बसायचं हेच तिचं काम. नागसेन यांचं वय अडुसष्ट. उभा जन्म पिंपरीच्या एका कारखान्यात, भट्टीखात्यात गेला. घरी आले की पुस्तक, आणि पुस्तक मिटलं की शांतता. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्यांच्या मनात एकच वाक्य येई: आपलंच चुकत असेल.

चौकोन लाल होता तेव्हा त्यांनी सवयीनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं होतं. अकरा वाजून सात मिनिटं. हिरवा झाला तेव्हा अकरा वाजून अकरा. भट्टीखात्यात दर फेरीची वेळ लिहायची असे. ती सवय निवृत्त झाली नव्हती.

महाराजांनी डोळे उघडले. "काम सुटलं. पण मूळ तसंच आहे. ज्या खुर्चीवरून हे चौकोन पाहिले जातात, त्या खुर्चीवर छाया आहे. ती खुर्ची भरलेली असते तेव्हाच यंत्रं रुसतात. तपासून पाहा."

तपासायची गरजच नव्हती. खुर्ची एकच होती. साठ चेहरे मैत्रीकडे वळले.

"आरतीला हातसुद्धा जोडत नाही ना ती," एक बाई शेजारणीला म्हणाली.

"त्यांच्यात नसतं तसलं," शेजारीण म्हणाली आणि पेढा घेतला.

विजयश्री मॅडम या कंपनीच्या मालकीण. बाई कष्टाळू, बोलायला सरळ. पण मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन आला की हातातलं सगळं सोडून धावायच्या. त्या मैत्रीकडे न पाहता म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी परत पूजा आहे. तोवर पाहू. नाहीतर मैत्री, मला तुला मोकळं करावं लागेल. कागदावर कारण तर लिहावंच लागेल काहीतरी."

ते काहीतरी काय असणार हे मैत्रीला ठाऊक होतं. कामात हलगर्जी. असला कागद घेऊन दुसऱ्या दारात उभं राहता येत नाही.

*

दापोडीच्या बसमध्ये बापलेक शेजारी बसले होते. कासारवाडी आली तसे नागसेन तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "मैत्री, ते काम काय असतं, परत एकदा सांगतेस?"

तिनं खिडकीबाहेर बघतच सांगितलं. कंपनीच्या चाकणच्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनतात. प्रत्येक भाग तपासणीच्या यंत्रावर चढतो, त्याची मापं निघतात. ही मापं ताथवड्याला येतात. तिथं बारा संगणक आहेत; एका लॉटची हजारो मापं ते आपसांत वाटून घेतात, एकेका भागाचं माप तपासतात आणि शेवटी निकालाचा तक्ता काढतात. एक लॉट म्हणजे एक जॉब, एक जॉब म्हणजे एक चौकोन. जॉब चालू असला की पिवळा, अडकला की लाल, झाला की हिरवा. हेच चौकोन गिऱ्हाइकाच्या, म्हणजे गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या, ऑफिसातही दिसतात. हिरवा झाल्याशिवाय लॉटचा ट्रक गेटबाहेर पडत नाही.

"आणि एका लॉटला वेळ किती लागतो?"

"अठरा मिनिटं. एखादं मिनिट इकडंतिकडं."

नागसेन यांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला. मग म्हणाले, "मला एक शंका आहे. चुकीची असेल."

"बाबा, प्लीज. आज नको. तुम्हाला त्यातलं कळत नाही."

"नाही कळत," ते म्हणाले, आणि खरोखरच गप्प बसले.

घरी कस्तुरानं, म्हणजे मैत्रीच्या आईनं, भाकऱ्या टाकता टाकता सगळं ऐकून घेतलं. ती मावळातल्या खेड्यातली. चाळीस वर्षं दापोडीत काढून भाषा तीच. "छाया म्हनं. माणसाची छाया पडती, खुर्चीची न्हाई पडत व्हय?" ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आन् तुमी? तुमच्या पोटात कायतरी हाय. दोन घास गिळंना झालेत."

"मला त्यातलं कळत नाही."

"भट्टीतलं कळत हुतं की. तवाबी गपच बसला हुतात."

हा घाव वर्मी लागणारा होता आणि तिनं तो मुद्दाम घातला होता. तीस वर्षांपूर्वी भट्टीखात्याचा ज्योतीराम नावाचा सुपरवायझर तापमानाच्या नोंदी भट्टी न पाहताच लिहायचा. कालचे आकडे आज उतरवून काढायचा. तक्ता सुबक दिसे. नागसेन यांनी ते दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा मनाशी म्हणाले, आपलंच चुकत असेल. पुढं त्या लॉटच्या पिना तडकल्या आणि एका पोरानं हाताची दोन बोटं गमावली.

रविवारी मैत्रीची पाळी घरून होती. लॅपटॉपवर तेच चौकोन. नागसेन खुर्ची ओढून तिच्या मागे बसले, हातात वही. तिनं काही विचारलं नाही. दुपारपर्यंत त्यांनी नऊ लॉट लिहून काढले. पिवळा कधी झाला, हिरवा कधी झाला. अठरा मिनिटं, सतरा, एकोणीस, अठरा. दोनदा लाल झाला. मैत्रीनं तो जॉब पुन्हा सुरू केला, तो पिवळा झाला, आणि अठरा मिनिटांनी हिरवा.

"मैत्री," ते म्हणाले. "गुरुवारी तो चौकोन पिवळा झालाच नाही."

"म्हणजे?"

"लालचा एकदम हिरवा झाला. चार मिनिटं आधी लाल, आणि मंत्राबरोबर हिरवा. मी पाहत होतो. अठरा मिनिटांचं काम आहे ना ते? भट्टीत माल टाकायच्या आधीच कुणी म्हणालं की कडक झाला, तर..."

"अर्धं आधीच झालेलं असेल, बाबा."

"असेल. पण मग उरलेलं अर्धं तरी पिवळं दिसायला हवं होतं."

मैत्रीची बोटं थांबली. तिनं गुरुवारचा तो लॉट शोधला आणि त्याचा निकालाचा तक्ता उघडला. तक्त्याला मथळा होता, तारीख होती. खाली एकही आकडा नव्हता.

तिनं ते पांढरं पान वरपासून खालपर्यंत दोनदा सरकवून पाहिलं. मग समजावून सांगू लागली. अडकलेल्या जॉबला दोन उपाय असतात. एक, पुन्हा चालवा. त्याला अठरा मिनिटं. दुसरा, 'काम झाले' असं हातानं लिहून टाका. त्याला एक टिचकी. हे दुसरं बटण चाचणीसाठी ठेवलेलं असतं. कुठूनही दाबता येतं, फोनवरूनसुद्धा. पासवर्ड हवा, बस.

"कुणी दाबलं ते लिहिलेलं असेल की."

"आहे. 'ॲडमिन'." ती खिन्न हसली. "आमच्याकडे सगळ्यांचं मिळून एकच लॉगिन आहे, बाबा. प्रत्येकाला वेगळं कोण देणार म्हणून. पासवर्डची चिठ्ठी गणपतीच्या तसबिरीमागे चिकटवलीय. सुजितलाही माहीत, मलाही माहीत, पाणी भरणाऱ्यालाही."

तिनं मागचे चौकोन एकेक उघडायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत हातानं हिरवे केलेले लॉट एकोणीस निघाले. एकोणीस कोरे तक्ते. एकोणीस ट्रक चाकणच्या गेटबाहेर गेलेले.

"दोन आठवड्यांपूर्वी मला असा एक तक्ता कोरा दिसला होता," ती म्हणाली. "मी सुजितला विचारलं. तो म्हणाला, सोड गं, जुना आहे. मी सोडला."

आता तिच्यापुढे नोकरीहून मोठं काहीतरी उभं होतं. सांगितलं तर पहिला संशय कुणावर? खुर्ची तिची, पासवर्ड तिलाही ठाऊक, आणि छाया तर आधीच जाहीर झालेली. नाही सांगितलं तर ते ब्रेक.

नागसेन वही मिटून बसले होते. कस्तुरा दारातून पाहत होती. ते म्हणाले, "कुणी केलं ते आपण सांगायचंच नाही. नुसती किल्ली बदलायला सांगायची. दैवी शक्तीला किल्ली कशाला लागते?"

*

सोमवारी सकाळी ते एकटेच विजयश्री मॅडमच्या केबिनबाहेर तासभर बसले. आत गेल्यावर वही उघडली, आणि तयार केलेलं भाषण पार विसरले. शेवटी वहीच पुढं सरकवली.

मॅडमनी पानं पाहिली. "तुम्हाला म्हणायचंय काय?"

"मी चुकत असेन," नागसेन म्हणाले. "म्हणून एवढंच सांगतो. गुरुवारी पूजेच्या आधी पासवर्ड तुम्ही स्वतः बदला. कुणाला सांगू नका, माझ्या मुलीलाही नको. मी चुकत असेन तर महाराजांचं काहीच बिघडणार नाही. चौकोन होईल हिरवा. मैत्री कागद घेऊन जाईल, मी तुमची माफी मागीन."

"आणि चुकत नसाल तर?"

त्यांनी कोऱ्या तक्त्याचा छापलेला कागद पुढं ठेवला. मॅडमनी तो उलटसुलट करून पाहिला. त्याच तासात त्यांनी चाकणला फोन करून ट्रक गेटवर अडवले. कारण सांगितलं, वजनकाटा बिघडलाय.

गुरुवारी पुन्हा तीच गर्दी, ताजा हार, न पेटलेल्या उदबत्त्या. लाल चौकोन होताच. बारा संगणकांपैकी शेवटचा जुनाट होता आणि त्याच्या वाट्याला आलेलं काम रोज एक-दोनदा अडकायचं. इतकं साधं दुखणं, पण ते बघायला सवड कुणाला होती?

महाराज आज म्यूटवर नव्हते. सात कोश झाले, आकाशतत्त्व झालं, मंत्र सुरू झाला. पहिलं आवर्तन. दुसरं. तिसरं. नागसेन कूलरला टेकून उभे होते. हिरवा झाला तर? तर पोरीचं वाटोळं आपल्याच हातानं.

चौथं आवर्तन झालं. चौकोन लालच.

महाराजांच्या शालीखाली दोन्ही हात फार घाईत होते. "नेटवर्कमध्ये अशुद्धी आहे," ते म्हणाले. "पुन्हा म्हणा सगळे."

सगळ्यांनी म्हटलं. सुजितनं पेढ्यांच्या खोक्याआड फोन धरला होता. त्याचा अंगठा चालत होता आणि कानशिलावरून घाम.

"ती मुलगी खोलीत आहे का?" महाराजांनी विचारलं. "तिला बाहेर काढा."

मैत्री कुणी सांगायची वाट न पाहता बाहेर पडली. काचेपलीकडे, जिन्याच्या तोंडाशी, पाठ करून उभी राहिली. नागसेन यांना त्या पाठीकडे बघवेना. आणखी दोन आवर्तनं झाली. चौकोन होता तसाच लाल.

"महाराज," विजयश्री मॅडम म्हणाल्या, "सकाळी मी पासवर्ड बदलला."

महाराजांनी शालीखालून एक हात बाहेर काढला. मग म्हणाले, "आवाज तुटतोय," आणि छोटा पडदा काळा झाला.

मॅडमनी भिंतीवरचा हार स्वतःच्या हातानं काढून टेबलावर ठेवला आणि पडद्यावर एक यादी उघडली. गेल्या दहा मिनिटांत चुकीच्या पासवर्डनं आत शिरायचे अकरा प्रयत्न. प्रत्येकापुढे वेळ आणि कुठल्या यंत्रावरून त्याचं नाव. 'सुजितचा फोन', चार वेळा. 'मठ टॅब', सात वेळा.

"सातही कोशांना एकेकदा," मागून कुणीतरी म्हणालं. दोघं हसले, पण हसू टिकलं नाही.

सुजित खाली बसला. हळूहळू सांगू लागला. पहिल्या वेळी जॉब खरंच अडकला होता. ट्रक गेटवर उभा, गिऱ्हाइकाचे फोनवर फोन. पुन्हा चालवायला अठरा मिनिटं होती, ती त्याच्याकडे नव्हती. त्यानं महाराजांना फोन लावला, धीर यावा म्हणून, आणि त्यांचा आशीर्वाद कानात असताना बटण दाबलं. तेवढ्यात मॅडम आल्या. विचारलं, कसं सुटलं रे? तो म्हणाला, महाराजांची कृपा. "मला वाटलं, एकदाच. मग महाराज म्हणाले, गुरूपासून किल्ली लपवतोस?"

"आणि छाया?" मैत्री दारात येऊन उभी होती. तिचा आवाज शांत होता. "ती कुठून आली?"

सुजितनं मान वर केली नाही. "तू तक्ता विचारला होतास. मी त्यांना सांगितलं, एक जण प्रश्न विचारतेय."

मॅडम नागसेन यांच्याकडे वळल्या. "काका, तुम्ही सांगा यांना. तुम्ही काय पाहिलंत ते."

साठ माणसं वळली. "मला संगणकातलं कळत नाही," ते म्हणाले. "मी फक्त घड्याळ पाहिलं. इथं प्रत्येकाच्या मनगटावर नाहीतर खिशात घड्याळ आहे. अठरा मिनिटांचं काम निमिषात झालं, तेव्हा ते कसं झालं एवढंच विचारायचं होतं. सगळे माझ्याहून जास्त शिकलेले आहात. पण विचारणारी एकच होती, आणि तुम्ही तिलाच..." त्यांनी वही बगलेत मारली आणि पुन्हा कूलरपाशी जाऊन उभे राहिले.

*

त्याच दुपारी विजयश्री मॅडमनी गिऱ्हाइकाला स्वतः फोन करून सगळं सांगितलं. एकोणीस लॉट परत मागवून खरोखर तपासले. सतरा चांगले निघाले, दोनांत मापाबाहेरचे भाग मिळाले. त्यातले आठ गाड्यांवर चढून गेले होते. सहा गाड्या गिऱ्हाइकाच्या आवारातच होत्या, सातवी साताऱ्याला सापडली. आठवीचा मालक कळवलेल्या पत्त्यावर राहत नव्हता. तिचा शोध अजून चालू आहे.

सुजितनं पोलिसांना लिहून दिलं आणि घरी बसला. मठाला काही दिवस कुलूप होतं. आता भोसरीत वेगळ्या नावानं पाटी लागल्याचं ऐकतो. मैत्री त्याच खुर्चीवर आहे. प्रत्येकाला वेगळं लॉगिन आहे, आणि 'काम झाले' हे बटण एकट्या माणसाला दाबता येत नाही. बारावा संगणक बदलला. गेले काही गुरुवार पेढे आले नाहीत, म्हणून थोडी कुरकुर आहे.

वाचकहो, चमत्कार आता गुहेतून निघत नाही. तो पडद्यावरून येतो आणि फोनवर मावतो. आपल्याला यंत्रातलं कळत नाही म्हणून बहुतेक जण हात जोडून मोकळे होतात. कळत नसलं तरी विचारता येतं. याला किती वेळ लागतो? निकाल कुठं आहे? किल्ली कुणाकुणाकडे आहे? जो या प्रश्नांनी रागावतो त्याच्यापासून लांब राहा, आणि जो हे प्रश्न विचारतो त्याला खोलीबाहेर काढू नका.

नागसेन रोज संध्याकाळी वाचनालयात जातात. वाटेत मुंबई-पुणे रस्ता ओलांडावा लागतो. पायी जाणाऱ्यांचा दिवा हिरवा होतो, लोक भराभर निघतात. ते मात्र कडेला उभे असतात.

"चला की काका, हिरवा झालाय," मागचा कुणीतरी वैतागतो.

"हो," ते म्हणतात, आणि समोरची गाडी पुरती थांबल्याचं पाहीपर्यंत पाऊल उचलत नाहीत.